परीक्षा कोण देतं, कोण घेतं?

मागच्या महिन्यात आमच्या वर्गात मॉक इंटरव्ह्यू झाले. परंड्याकडचा, झेडपीच्या शाळेत शिकलेला आमचा एक मित्र उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आय गेव्ह माय सेमिस्टर एक्झाम..." मी मागच्या बाकावरून ओरडले, "गेव्ह नाही रे, टुक!" सगळे हसले. तो खाली बसला, त्यानंतर दिवसभर कुणाशीच बोलला नाही. हाच मुलगा मला एम-थ्री शिकवतो, बरं का!

रात्री होस्टेलवर विचार करत बसले. त्याचं चुकलं तरी काय? मराठीत परीक्षा आपण देतो आणि सर घेतात. इंग्रजीत नेमकं उलटं. विद्यार्थी 'टेक' करतो, सर 'गिव्ह' करतात. त्याने बिचाऱ्याने मराठी वाक्य इमानदारीत इंग्रजीत नेलं. हिंदीतही परीक्षा देतातच, त्यामुळे हे 'गेव्ह' खूप ठिकाणी ऐकू येतं. गंमत म्हणजे ब्रिटिश लोक परीक्षेसाठी 'सिट'सुद्धा म्हणतात, म्हणजे आपल्यासारखेच परीक्षेला बसतात!

मुळात हे 'टेक' लबाड आहे. आपण फोटो काढतो, आंघोळ करतो, रिक्षा पकडतो, आपल्याला वेळ लागतो. इंग्रजीत सगळीकडे टेक. चिनी भाषेत औषध 'खातात', म्हणून तिकडची मुलं इंग्रजीत 'ईट मेडिसिन' म्हणून बसतात. आपणही गोळी खातोच की!

मला बरोबर येतं ते हुशारीमुळे नाही. कॉन्व्हेंटमध्ये रोज कानावर पडलं, एवढंच. उलट चौथीत असताना मी कळंबला आजीला सांगितलं होतं, "आज मी गणिताची परीक्षा घेतली." आजी म्हणाली, "कुणाची गं? मास्तरीण झालीस का?" पण तिने मला चारचौघांत गप्प नव्हतं केलं.

2000 सालापासून राज्यातल्या मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आम्ही दोघंही ते पहिलीपासूनच शिकलो. फरक पडला तो ऐकण्या-बोलण्याचा. माझं तर स्पष्ट मत आहे की, कम्युनिकेशन स्किल्सच्या तासाला हे देणं-घेणं सरळ मराठीत समजावून सांगावं. पाच मिनिटांचं काम आहे. कंपनीवाल्यांसमोर 'टेक'च म्हणावं लागणार, त्यात सूट नाही. पण त्यासाठी आधी तोंड तर उघडायला हवं ना!

मी त्याला सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "जाऊ दे गं, आधी तुझा एम-थ्रीचा बॅकलॉग काढू." आता रोज मेसनंतर अर्धा तास आम्ही इंग्रजीत बोलतो. काल तो 'टुक' म्हणाला, पण फोटो 'रिमूव्ह' केला. मी हसले, मग तोही हसला.