हिरवी बाटली पिवळी का झाली? ईटीओ वायू, एक फसलेली सायकल आणि अमेरिकेतला वाद

एप्रिलमध्ये माझ्या मामेबहिणीने व्हॉट्सॲपवर एक फोटो टाकला. दोन छोट्या बाटल्या, दोन्हींत पिवळं द्रव. खाली एकच ओळ : "यातली एक हिरवी राहायला हवी होती रे."

ताई पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या सीएसएसडीत काम करते. ऑपरेशनचं सामान, नळ्या, कॅथेटर जिथे निर्जंतुक होतात तो हा विभाग. जे सामान वाफेच्या १२१ अंशांत टिकत नाही, ते ईटीओ मशीनमध्ये जातं. ईटीओ म्हणजे इथिलीन ऑक्साइड. आपला फोन ऑटोक्लेव्हमध्ये टाकला तर काय होईल याची कल्पना करा, म्हणजे या वायूची गरज का पडते ते कळेल. प्लास्टिक, गोंद, चिप, बॅटरी यांना इतकी उष्णता सोसत नाही. गॅमा किरणांनी चिप खराब होऊ शकते, काही प्लास्टिकं ठिसूळ होतात. ईटीओ मात्र साधारण ३७ ते ६३ अंशांत काम करतो, पाकिटाच्या कागदातून आत शिरतो आणि जंतूंच्या डीएनएलाच जाऊन चिकटतो.

आता त्या बाटल्या. दोन्हींत बॅसिलस ॲट्रोफियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, मुद्दाम निवडलेले, मरायला चिवट. एक बाटली सामानासोबत मशीनमध्ये जाते, दुसरी बाहेरच राहते. नंतर दोन्ही उबवतात. बाहेरची पिवळी व्हायलाच हवी, नाहीतर चाचणीच खोटी. आतली पिवळी झाली तर जंतू जगले. ताईची आतली पिवळी झाली होती. त्या लोडमधलं सगळं सामान लगेच परत मागवलं गेलं.

गंमत अशी की मशीनच्या छापील चार्टवर सगळं व्यवस्थित होतं. तापमान बरोबर, कार्ट्रिज फुटलेलं, वेळ पूर्ण. पाकिटांवरच्या पट्ट्यांचाही रंग बदललेला. पण ती पट्टी फक्त एवढंच सांगते की पाकिटापर्यंत वायू पोचला. आतलं मेलं की नाही हे तिला ठाऊक नसतं. विभागातल्या एकाने लगेच तोडगा सुचवला, वेळ वाढवू या. ताई म्हणाली, "थांबा, आधी पाणी बघू."

पाणी म्हणजे आर्द्रता. कोरड्या बीजाणूवर ईटीओचा जोर चालत नाही, त्यामुळे मशीनमध्ये आर्द्रता साधारण ४० ते ८० टक्के लागते. एप्रिलमधला पुण्याचा कोरडा उन्हाळा, त्यात एसीच्या खोलीत रात्रभर पडलेली पाकिटं, आणि सकाळी तिथून थेट मशीनमध्ये. चार्टवरची आर्द्रता ही मशीनच्या हवेतली असते, लांब बारीक नळीच्या पोटातली नाही. त्यात पाकिटं दाबून भरलेली, कागदाची बाजू कागदाच्या बाजूला चिकटलेली. वायू आणि ओल शिरते ती फक्त कागदाच्या बाजूने. म्हणजे दारंच बंद. ताईने लोड कमी केला, पाकिटं उभी लावली आणि पुन्हा चाचणी लावली. वायू एक ग्रॅमही वाढवला नाही.

मला हा किस्सा अमेरिकेतल्या बातम्यांमुळे महत्त्वाचा वाटतो. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या म्हणण्यानुसार दरवर्षी २० अब्जांहून जास्त वैद्यकीय वस्तू ईटीओने निर्जंतुक होतात, म्हणजे निर्जंतुक वस्तूंपैकी जवळपास निम्म्या. हे काम मोठे कारखाने करतात, खोक्यांचे अख्खे थर एकदम आत ढकलून. तिथे चाचणी नापास होऊ नये म्हणून सोपा मार्ग एकच : थोडा जास्त वायू, थोडा जास्त वेळ. हा जादा वायू जातो कुठे? काही चिमणीतून, काही दारं उघडताना, काही प्लास्टिकात आणि पुठ्ठ्यात मुरून नंतर हळूहळू. जॉर्जिया राज्यात तर निर्जंतुक माल ठेवलेल्या गोदामातूनच वायू बाहेर पडत असल्याचं लक्षात आलं.

ईटीओमुळे माणसाला कर्करोग होतो. २०१६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, हा धोका आधीच्या अंदाजापेक्षा कितीतरी मोठा असल्याचं जाहीर केलं. शिवाय नाकावर भरवसा ठेवता येत नाही. तिथे कामगारांसाठी आठ तासांची सरासरी मर्यादा दशलक्षात १ भाग आहे, आणि वास येतो तो त्याच्या शेकडो पटींनी जास्त वायू असेल तेव्हा.

शिकागोजवळच्या विलोब्रुकमधला स्टेरिजेनिक्सचा कारखाना फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्य सरकारने बंद पाडला आणि तो पुन्हा उघडलाच नाही. शेजाऱ्यांना हायसं वाटलं असेल, पण दोनच महिन्यांत श्वासनलिकेत बसवायच्या एका प्रकारच्या नळ्यांची टंचाई झाली. त्या लहान मुलांनाही लागतात. २०२३ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता ८७० हून जास्त दावे ४० कोटी ८० लाख डॉलरला मिटवायचं ठरवलं.

मार्च २०२४ मध्ये ईपीएने नियम आणला : जवळपास ९० कारखान्यांनी मिळून वायू ९० टक्क्यांहून जास्त कमी करायचा. मुदत दोन ते तीन वर्षं. जुलै २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी बऱ्याच कारखान्यांना त्यातून आणखी दोन वर्षांची सूट दिली. कारण दिलं, सामानाचा पुरवठा आणि देशाची सुरक्षा.

हे कारण मला पूर्ण खोटं वाटत नाही, विलोब्रुकनंतरची टंचाई खरी होती. पण अर्धंच वाटतं. "वायू की पेशंट" अशी निवड समोर ठेवली जाते, तेव्हा मधला प्रश्न कोणी विचारत नाही : आत्ता वापरला जातो तेवढा वायू खरोखर लागतो का? लोडच्या मध्यभागी सेन्सर ठेवून तापमान आणि आर्द्रता मोजता येते, मशीनमधला वायूही थेट मोजता येतो. मग अंदाजाने जादा भरण्याची गरज कमी होते. अडचण कागदपत्रांची आहे. सायकल बदलली की प्रत्येक वस्तूसाठी ती नव्याने सिद्ध करावी लागते, आणि ते महिनोन्‌महिने चालतं. म्हणून जुनी, सढळ हाताची सायकल तशीच चालू राहते. दुसरी पद्धत घ्या म्हणावं, तर हायड्रोजन पेरॉक्साइडला लांब बारीक नळ्या जमत नाहीत आणि पुठ्ठा ते शोषून घेतो.

आपल्याकडे ईटीओ हे नाव बहुतेकांनी एप्रिल २०२४ मध्ये ऐकलं, हाँगकाँग आणि सिंगापूरने भारतीय मसाल्यांची काही पाकिटं परत मागवली तेव्हा. तोच हा वायू. फक्त मसाल्यात प्रश्न अवशेषाचा होता, आणि तो प्रश्न नळीतही असतोच. सायकल संपल्यावर प्लास्टिकात मुरलेला वायू काढायला एअरेशन लागतं, ५० अंशांवर सुमारे १२ तास. वेळ वाढवू या म्हणणाऱ्याच्या हे लक्षात आलं नव्हतं की जास्त वेळ म्हणजे प्लास्टिकात जास्त वायू.

तीन दिवसांनी ताईचा पुन्हा फोटो आला. आतल्या तिन्ही बाटल्या हिरव्यागार. मी विचारलं, "मग दिलं सामान वॉर्डात?"

"बारा तासांनी देईन. दुपारपासून चार फोन आलेत. किल्ली माझ्याकडे आहे."