खेळ चालू, गाणे बंद

अमेरिकेतल्या ब्लिझार्ड या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीचा वार्षिक मेळावा २०२१ साली करोनामुळे इंटरनेटवरच भरला. १९ फेब्रुवारीला, पहिल्याच दिवशी, त्यात मेटॅलिका हा जगप्रसिद्ध रॉक बँड वाजवणार होता. कार्यक्रम ट्विच या संकेतस्थळाच्या स्वतःच्या गेमिंग वाहिनीवरही दिसत होता. मेटॅलिकाच्या मंडळींनी गिटारवर हात टाकला मात्र, आणि त्यांचा आवाज गायब झाला. पडद्यावर ते घामाघूम होऊन वाजवताहेत आणि ऐकू येते आहे भलतेच गोडगोड, कुणाचेच नसलेले संगीत! कॉपीराइटचा भंग होईल या धास्तीने खरे संगीत झाकून टाकण्यात आले होते. गंमत अशी की, गाण्यांची फुकट देवाणघेवाण करणाऱ्या नॅप्स्टरला २००० साली न्यायालयात खेचणारी मेटॅलिका ती हीच.

ज्यांच्या घरात बारा ते वीस वयोगटातले कुणी आहे त्यांना ट्विच म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी एवढेच की, तिथे कुणीतरी व्हिडिओ गेम खेळत असतो, तोंडाने अखंड बोलत असतो आणि हजारो लोक ते थेट पाहत असतात. दुसऱ्याचा खेळ पाहण्यात कसली मजा, असे मला प्रथम वाटले होते. पण क्रिकेट पाहण्यात आपण आयुष्य घालवले, तेव्हा त्यावर बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही. ॲमेझॉनने हे संकेतस्थळ २०१४ साली सुमारे ९७ कोटी डॉलर मोजून विकत घेतले.

आता खेळणारा मुलगा खोलीत बसून खेळतो तेव्हा मागे गाणे लावतो. आपण स्वयंपाकघरात रेडिओ लावतो तसे. फरक असा की, त्याची खोली हे प्रक्षेपण केंद्र आहे. त्या एका गाण्यावर दोघांचा हक्क असतो. एक, चाल आणि शब्द ज्यांचे आहेत त्यांचा किंवा त्यांच्या प्रकाशकाचा. दुसरा, ध्वनिमुद्रण ज्या कंपनीचे आहे तिचा. दोघांचीही परवानगी हवी. याहून विचित्र गोष्ट खुद्द खेळाच्या आतल्या गाण्यांची. गाडी पळवण्याच्या खेळात गाडीतला रेडिओ वाजतो, त्यातली गाणी खेळ बनवणाऱ्या कंपनीने रीतसर पैसे देऊन घेतलेली असतात. पण ती परवानगी बहुधा खेळापुरती असते. तोच खेळ जगाला दाखवण्यापर्यंत ती पोचेलच असे नाही. म्हणजे दुकानातून पैसे देऊन आणलेला खेळ खेळतानाही मुलगा गुन्हेगार ठरू शकतो.

हे सारे ज्या कायद्याने चालते तो अमेरिकेने १९९८ साली केला. संकेतस्थळावर लोक काय आणून टाकतील याचा भार कंपनीवर नको, म्हणून त्याने कंपन्यांना आसरा दिला. अट अशी की, हक्कदाराची नोटीस येताच मजकूर तत्परतेने काढायचा आणि पुन्हा पुन्हा भंग करणाऱ्याला बाहेर घालवायचे. कायदा अमेरिकेचा, पण संकेतस्थळही तिथलेच. त्यामुळे नाशिकच्या मुलाने चालवलेल्या वाहिनीलाही तेच नियम लागतात.

ट्विचने २०१४ च्या ऑगस्टात जुन्या मुद्रणांतली गाणी यंत्राकडून हुडकायला सुरुवात केली. गाणे सापडले की तेवढेच नव्हे, अर्ध्या तासाचा अख्खा तुकडा मुका. त्यात खेळातले मूळ संगीतही सापडले आणि ट्विचच्या स्वतःच्या चित्रफितीही मुक्या झाल्या. आरडाओरड झाली, प्रमुखांनी दिलगिरी व्यक्त केली आणि प्रकरण थंडावले. पुढची सहा वर्षे सगळे सुखात होते. कारण ट्विचच्याच सांगण्यानुसार, संगीताबद्दलच्या नोटिसा वर्षाला पन्नाससुद्धा येत नसत.

मे २०२० पासून त्या आठवड्याला हजारोंनी येऊ लागल्या. २०१७ ते २०१९ मधल्या, करणारेही विसरून गेलेल्या छोट्या छोट्या क्लिप उकरून काढण्यात आल्या. ऑक्टोबरात ट्विचने असंख्य खेळाडूंच्या चित्रफिती परस्पर पुसल्या आणि मागाहून पत्र धाडले. कोणती चित्रफीत, कोणते गाणे, याचा त्यात उल्लेख नाही. कायद्याने दिलेली उलट बाजू मांडायची संधीही नाही. सावध व्हायला मुदत तीन दिवसांची! अनेकांनी वर्षानुवर्षांचे सारे काम स्वतःच्या हाताने पुसून टाकले. नोव्हेंबरात कंपनीने पुन्हा दिलगिरी व्यक्त केली. त्याच वेळी सांगितले की, ९९ टक्क्यांहून अधिक नोटिसा मागे वाजणाऱ्या गाण्यांबद्दल होत्या.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असे म्हणण्याचा मोह होतो. हे खेळाडू अगदीच संन्यासी नव्हते, हे मान्य. संगीतकारांचे म्हणणेही खोटे नाही. करोनाने मैफली बंद पडल्या होत्या आणि त्यांचे गाणे वापरून दुसऱ्याच कुणाची तरी कमाई होत होती. गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीवाचून कसे राहावे लागते हे आपल्याला ठाऊक आहे. तो हक्क पदरात पडायला आपल्याकडे २०१२ ची कायदादुरुस्ती आणि राज्यसभेत जावेद अख्तर यांचे भाषण लागले. पण मला प्रश्न पडतो तो असा: चित्रफीत पुसल्याने त्या संगीतकाराला किती पैसे मिळाले? एक छदामही नाही.

खरा प्रश्न परवान्याचा होता. रेडिओवर निवेदकाला कुणी नोटीस पाठवत नाही, परवाना केंद्र घेते. पैसे कमावणारे केंद्र इथे ट्विच होते आणि त्याच्यामागे ॲमेझॉन. २९ जुलै २०२० रोजी अमेरिकन संसदेच्या समितीपुढे जेफ बेझोस यांना विचारण्यात आले की, ट्विचवर विनापरवाना संगीत वाजते का. आपल्याला ठाऊक नाही, माहिती घेऊन कळवतो, असे त्यांनी सांगितले. जगातल्या अतिश्रीमंत माणसाला जे ठाऊक नव्हते ते वीस वर्षांच्या पोराला ठाऊक असावे, अशी मात्र अपेक्षा होती. परवाना मिळणे अशक्य होते म्हणावे, तर त्याच वर्षी सप्टेंबरात फेसबुकने मोठ्या संगीत कंपन्यांशी करार करून आपल्या निवडक खेळाडूंना मागे गाणी लावायची मुभा दिली होती. यूट्यूबवर तर गाणे ओळखले गेले की चित्रफितीचे उत्पन्न हक्कदाराकडे वळवण्याची सोय कितीतरी आधीपासून आहे.

ट्विचनेही सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकन संगीत प्रकाशकांच्या संघटनेशी समझोता केला. त्यात आधी ताकीद, मग शिक्षा एवढी सवलत होती, गाणी वाजवायचा परवाना नव्हता. तसा परवाना २०२४ साली आला, पण डीजेंपुरता. त्यांच्या कमाईतला वाटा संगीत कंपन्यांना जातो, आणि तोही फक्त थेट कार्यक्रमासाठी. मुद्रण जपून ठेवण्याची मुभा त्यात नाही. पैसे संगीतकारांच्या बाजूला जाण्याची वाट निघू शकते हे त्यातून दिसले, हेही खरे. मग खेळणाऱ्यांसाठी ती का नाही, याचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही.

खेळ बनवणाऱ्यांनी मात्र आपल्यापुरता तोडगा काढला आहे. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या 'सायबरपंक २०७७' या गाजलेल्या खेळात दुसऱ्यांच्या मालकीची गाणी बंद करण्याची सोय मुद्दाम केलेली होती, आणि आता बऱ्याच खेळांत ती असते. खेळाच्या किमतीत त्या गाण्यांचेही पैसे असतात. मुलगा ते भरतो, घरी येतो आणि सगळ्यात आधी गाणी बंद करतो.