फोन आपला, किल्ली कंपनीची



कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ साली आली. कापूस आपला, घाम आपला. पण हद्द ओलांडून परराज्यात विकला तर गुन्हा. माल ज्याचा त्यालाच मालकी नाही! तीच तऱ्हा आज खिशातल्या फोनमध्ये येऊन बसली आहे.

फोन आता चैनीची वस्तू राहिलेला नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद ई-पीक पाहणी ॲपवर आली. २०२५ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस घालायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आली. वखर-तिफणीसारखे फोन हेही औत झाले.

हे औत न मोडताच निकामी होते. काच शाबूत, बॅटरी शाबूत. पण कंपनी नवे ॲण्ड्रॉइड देणे बंद करते आणि पुढे एकेक ॲप चालेनासे होते. यावर उपाय आहे. ॲण्ड्रॉइडचा मूळ भाग सर्वांना खुला आहे. त्यावरून जगभरचे स्वयंसेवक जुन्या फोनांसाठी नवी प्रणाली बांधतात व फुकट देतात. २०१६ च्या अखेरीस सुरू झालेली लिनेजओएस त्यांतलीच एक.

ती घालायला मात्र कुलूप आडवे येते. फोन सुरू होताना आधी बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम जागा होतो. पुढच्या प्रणालीवर कंपनीची सही नसेल तर तो तिला आत घेत नाही. काही कंपन्या मालकाला किल्ली देतात. ह्युआवेने २०१८ मध्ये ती देणे थांबवले. सॅमसंगने २०२५ मध्ये नव्या आवृत्तीतून कुलूप उघडण्याची सोयच काढून टाकली.

कंपन्या म्हणतात, कुलूप सुरक्षेसाठी आहे. त्यात तथ्य आहे. चोरीच्या फोनला ते आडवे येते. ते उघडताना फोनमधले सारे पुसले जाते, नंतर बँकेची काही ॲप चालत नाहीत. जाणकार सोबत नसेल तर या भानगडीत पडू नये. पण घराला कुलूप असावे हे मान्य केले, म्हणून किल्ली घरमालकाकडे नसावी हा कुठला न्याय?

अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी हाच प्रश्न ट्रॅक्टरवरून लढवला. दुरुस्तीसाठी ट्रॅक्टरच्या सॉफ्टवेअरचे कुलूप उघडण्याची सूट त्यांना २०१५ मध्ये मिळाली. २०२३ मध्ये कोलोरॅडो राज्याने शेतीयंत्रांच्या दुरुस्तीहक्काचा कायदा केला. आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीहक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत शेतीची अवजारे होती, मोबाईलही होते.

मालदांडी ज्वारीचे घरचे बी राखून पेरण्याचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने मान्य केला. बियाण्यात जे मान्य, ते यंत्रात का नाही?

आम्हाला फुकटचे फोन नकोत, अनुदानही नको. मागण्या तीनच. अपडेट किती वर्षे मिळणार आणि किल्ली देणार की नाही, हे कंपनीने फोनच्या खोक्यावर छापावे. अपडेट बंद होतील त्या दिवशी किल्ली मालकाच्या हाती द्यावी. आणि सरकार ज्या कामाला ॲपची सक्ती करते, त्या कामाची नोंद गावात कागदावरही घ्यावी.

पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर हुकूम घेणाऱ्याचाच चालला पाहिजे. जिल्हा बैठकीत हा ठराव मांडू. गावागावांत चर्चा करून या.