तालीम पंचवीस जणांची, प्रयोग लाखांचा

२ जानेवारी २०२१ रोजी करोना लसीकरणाची देशभर रंगीत तालीम झाली. त्यासाठी महाराष्ट्रातून चार जिल्हे निवडले होते : पुणे, नागपूर, नंदुरबार आणि जालना. जालना हा तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांचा जिल्हा, त्यामुळे तिथल्या तालमीची चर्चाही झाली. प्रत्येक केंद्रावर २५ आरोग्य कर्मचारी ‘लाभार्थी’ म्हणून बोलावले गेले. प्रतीक्षा कक्ष, लसीकरण कक्ष, मग अर्धा तास निरीक्षण कक्ष असा क्रम ठरलेला होता. लस कुणालाच टोचायची नव्हती. टेबल कुठे ठेवायचे, ओळखपत्र कुणी तपासायचे आणि ‘को-विन’ या संगणकीय प्रणालीत नोंद होते की नाही, एवढेच पाहायचे होते.

तालीम सुरळीत पार पडली. दोन आठवड्यांनी, १६ जानेवारीला, प्रत्यक्ष लसीकरण सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी को-विन अडखळले. लाभार्थ्यांना संदेश वेळेवर गेले नाहीत, नोंदी संथ झाल्या, कर्मचाऱ्यांना याद्या हातात घेऊन फोन करावे लागले. राज्यातील पुढचे सत्र १९ जानेवारीलाच होऊ शकले.

तालमीत न दिसलेला दोष प्रयोगात का दिसला? आकडे पाहिले की उत्तर मिळते. २ जानेवारीला देशात २८६ ठिकाणी तालीम झाली. प्रत्येकी २५ म्हटले तर ही संख्या सात हजारांच्या आसपास जाते. १६ जानेवारीला तीन हजारांहून अधिक केंद्रांवर सुमारे एक लाख नव्वद हजार जणांना लस दिली गेली. तालमीने कामाचा क्रम तपासला होता, प्रणालीवर पडणारा भार तपासलाच नव्हता.

को-विन ही ‘क्लाउड’वर चालणारी प्रणाली. क्लाउड म्हणजे दूरच्या डेटा सेंटरमधील संगणक गरजेप्रमाणे भाड्याने वापरणे. या क्षेत्रात नवी सेवा एकदम सर्वांसाठी खुली करत नाहीत. आधी मोजक्या ग्राहकांना ‘प्रिव्ह्यू’ देतात, मग इच्छुकांसाठी ती खुली होते आणि शेवटी ‘जनरल अव्हेलेबिलिटी’, म्हणजे सर्वसाधारण उपलब्धता जाहीर होते. प्रिव्ह्यूच्या काळात सेवा बंद पडली तर कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही. महत्त्वाच्या कामासाठी ती वापरू नका, असेही सांगते. अंतिम टप्प्यात मात्र लेखी हमी येते. सेवा ९९.९ टक्के वेळ चालू राहील, अशी हमी असेल तर तीस दिवसांच्या महिन्यात ती जास्तीत जास्त ४३ मिनिटे बंद राहू शकते. त्याहून जास्त बंद राहिली तर भरपाई द्यावी लागते. म्हणजे टप्पा बदलतो तेव्हा मुख्यतः जबाबदारी बदलते.

वैद्यकशास्त्राला ही रीत नवी नाही. औषध आधी थोड्या निरोगी स्वयंसेवकांवर, मग काही रुग्णांवर, मग हजारो लोकांवर तपासले जाते. बाजारात आल्यावरही त्यावर नजर ठेवणारा चौथा टप्पा असतोच, कारण लाखात एखाद्याला होणारा दुष्परिणाम हजारांच्या चाचणीत सापडत नाही. योगायोग असा, की जालन्यातील तालमीच्या दुसऱ्याच दिवशी, ३ जानेवारी २०२१ रोजी, कोव्हिशिल्ड आणि कोव्हॅक्सिन यांना आणीबाणीपुरती मर्यादित परवानगी मिळाली. नियमित बाजार परवानगीसाठी जानेवारी २०२२ उजाडले. औषधाच्या चाचणीत मात्र सहभागी माणसाची लेखी संमती घेतात. सॉफ्टवेअरच्या चाचणीत रांगेतल्या माणसाला आपण चाचणीचा भाग आहोत, हे कुणी सांगतही नाही.

को-विन पुढे सुधारत गेले, हेही तितकेच खरे. २८ एप्रिल २०२१ रोजी १८ ते ४४ वयोगटाची नोंदणी खुली झाली तेव्हा सुरुवातीला पोर्टल कोलमडले, तरी त्याच दिवशी सव्वा कोटीहून अधिक नोंदण्या झाल्या. केंद्रावर न गेलेल्यांनाही ‘लस घेतली’ असे संदेश येऊ लागले, तेव्हा ८ मेपासून चार अंकी सांकेतिक क्रमांक आला. स्मार्टफोन नसलेल्यांनी काय करायचे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने ३१ मेच्या आदेशात उपस्थित केला. त्याच सुमारास केंद्रावर थेट येऊन नोंदणी करण्याची सोय वाढवण्यात आली. २१ ऑक्टोबरला शंभर कोटी मात्रांचा टप्पा पार झाला. पण प्रत्येक सुधारणेआधी कुणीतरी रांगेतून परत गेलेले होते.

हा इतिहास आज आठवायचे कारण ‘यू-विन’. को-विनच्याच धर्तीवर गर्भवती आणि बालकांच्या नियमित लसीकरणाची नोंद ठेवणारी ही प्रणाली. जानेवारी २०२३ मध्ये प्रत्येक राज्य व केंद्रशासित प्रदेशातील निवडक अशा एकूण ६५ जिल्ह्यांत ती प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली आणि २९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते देशभरासाठी खुली झाली. को-विनला दोन आठवडे मिळाले होते, यू-विनला पावणेदोन वर्षे मिळाली. हा धडा घेतला गेला, असे म्हणता येते.

या प्रणालीची खरी कसोटी जालन्यासारख्या जिल्ह्यात आहे. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून दरवर्षी ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. सप्टेंबरच्या सुरुवातीला जन्मलेल्या बाळाची सहाव्या आठवड्याची लस गावात होते. दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याची वेळ येते तेव्हा बाळ फडावर असते. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस येईपर्यंत कुटुंब परतलेले असते, पण मधले डोस झाले की राहिले, हे माता-बाल संरक्षण कार्ड हरवले असेल तर कुणालाच सांगता येत नाही. कोणत्याही केंद्रावर आधीची नोंद दिसणे आणि पुढची करता येणे, हे यू-विनचे आश्वासन या बाळासाठी सर्वांत मोलाचे आहे. ते सपशेल फसले तर सर्वांत मोठी किंमतही तेच मोजणार.

म्हणून ‘देशभर खुली’ या घोषणेपुढचे प्रश्न विचारले पाहिजेत. उपकेंद्रावर नेटवर्क नसेल तेव्हा नोंद कशी होणार आणि ती नंतर कोण चढवणार? आरोग्य सेविकेला कागदी नोंदवही, आरसीएच पोर्टल आणि यू-विन अशी तिहेरी नोंद करावी लागत असेल, तर लस टोचायला वेळ किती उरतो? प्रणाली बंद पडल्यास किती तासांत सुरू करण्याची हमी आहे, ती कुणी दिली आहे आणि ती लोकांना पाहता येते का? माहितीच्या सुरक्षेचे काय? जून २०२३ मध्ये को-विनवरील व्यक्तिगत तपशील टेलिग्रामवर मिळत असल्याच्या बातम्या आल्या होत्या. को-विनमधून थेट माहितीचोरी झाल्याचे सरकारने नाकारले होते.

या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत एक नियम पक्का असावा : संगणकात नाव नाही किंवा पोर्टल चालत नाही, म्हणून एकही बाळ लसीवाचून परत जाता कामा नये. आधी लस, मग नोंद. पालकांनीही कार्ड जपावे, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, गाव सोडण्याआधी आशाताईंकडून पुढच्या तारखा लिहून घ्याव्यात आणि मोबाइल नंबर बदलला तर तो केंद्रावर कळवावा. संगणकाची चूक दुरुस्त करायला पुढची आवृत्ती येते. चुकलेला डोस मात्र त्या बाळाला शोधूनच द्यावा लागतो.