गोधडीवरचे फूल

थंडीची चाहूल लागली की घराघरांत पेट्या उघडतात. आमच्याकडेही माळ्यावरची लोखंडी पेटी खाली उतरते आणि गोधड्या, दुलया गच्चीवर उन्हात पडतात. त्यांत एक गोधडी नानीच्या हातची आहे. नानाच्या लुंग्या, अम्मीचे लहानपणचे फ्रॉक, घरातल्या जुन्या ओढण्या, सगळे तिच्यात आहे. मधल्या पांढऱ्या चौकोनांवर नानीने गुलाबी कापडाची फुले कापून टाचली होती. धुऊन धुऊन ती इतकी विटली की पांढऱ्यावर पांढरेच दिसू लागले.

दोन वर्षांपूर्वी आम्हाला वाटले, अम्मीला खूश करावे. तिला न सांगता मुलांच्या दप्तरातली वॉटर कलरची पेटी घेतली आणि एक फूल रंगवून टाकले. वाळल्यावर ते छान दिसले. पहिल्याच धुण्यात मात्र रंग सुटला आणि चौकोनभर गुलाबी डाग पसरला. अम्मी काही बोलली नाही. तिने गोधडीची घडी केली आणि पेटीत सर्वांत खाली ठेवून दिली. तिचे ते न बोलणेच आम्हाला जास्त लागले.

यंदा भाची शिकायला परगावी निघाली आणि तिच्यासाठी नवी गोधडी शिवायला घेतली. फुले तीच, नानीच्या नमुन्याची. या वेळी मात्र आधी शिकून घेतले आणि मगच ब्रश हातात धरला. तेच आज वाचक भगिनींना सांगत आहोत.

कापडावर कलमाने रंग भरणे आपल्याकडे नवे नाही. ‘कलमकारी’ हा शब्दच कलमावरून आला. कुतुबशाहीच्या काळात मछलीपट्टणच्या बाजूला रंगणारे सुती पलंगपोस इराणला आणि युरोपलाही जात. इंग्रजांनी ‘पलंगपोस’चे ‘पॅलमपोर’ केले. हे कारागीर थेट रंगाला हात घालत नसत. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवत, म्हणजे रंग फुटत नसे. काळा रंग गंजलेले लोखंड आणि गूळ आंबवून करत. लाल रंग पक्का बसावा म्हणून तुरटी वापरत. रंग कापडात मुरला पाहिजे, नुसता वर बसून चालत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आमच्या वॉटर कलरने नेमका तिथेच दगा दिला.

आता घरातल्या साधनांकडे वळू. कापड सुती आणि फिक्या रंगाचे घ्या. नवे असेल तर आधी धुऊन त्याची खळ काढून टाका. खळीवर बसलेला रंग खळीबरोबरच निघून जातो. गोधडी शिवण्याआधीच तुकडे रंगवून घ्या. शिवलेल्या गोधडीवर ओला रंग लावला तर तो आतल्या थरांत उतरतो आणि पसरतो.

सर्वांत स्वस्त आणि सोपे म्हणजे मेणाचे खडू. कापड सरकू नये म्हणून त्याखाली सुताराचा बारीक पॉलिश पेपर ठेवा. हलक्या हाताने, एकाच दिशेने रंग भरा. मग कापडावर साधा पांढरा कागद ठेवून गरम इस्त्री दाबा. वाफ नको आणि इस्त्री घासायचीही नाही. मेण कागदात उतरते, रंग कापडात राहतो. कागद बदलत राहा, तो कोरा निघाला की काम झाले. कापड टेरीकॉट किंवा पॉलिस्टरचे असेल तर मात्र हे करू नका. इतक्या उष्णतेने ते आक्रसते, वितळतेसुद्धा.

दुसरा मार्ग फॅब्रिक कलरचा. चित्रकलेचा साधा ॲक्रेलिक रंग कापडावर वाळला की कडक होतो, मग त्यातून सुई जाता जात नाही. त्यात फॅब्रिक मीडियम मिसळले तर कापड मऊ राहते. ब्रश जवळजवळ कोरडा ठेवा. रंग आधी जुन्या फडक्यावर पुसून घ्या आणि उरलेलाच कापडावर लावा. पूर्ण वाळल्यावर उलट बाजूने इस्त्री करा. दोन-तीन दिवस पाणी लावू नका. पुढेही थंड पाण्यात, सौम्य साबणाने धुवा.

राहिली सावली. फूल उठून दिसते ते सावलीमुळे. प्रकाश एका बाजूने येतो असे धरा आणि शेवटच्या पाकळीपर्यंत ते बदलू नका. जिथे एक पाकळी दुसरीच्या खाली जाते, तिथे रंग गडद करा. पाकळीच्या कडेकडे येताना तो फिका होऊ द्या. सावलीला काळा रंग नको, फूल मळकट दिसते. गुलाबीवर लालसर, हिरव्यावर निळसर हिरवा लावा. आधी फिके, मग हळूहळू गडद. फिक्याचे गडद करता येते, गडदाचे फिके होत नाही. आणि प्रत्येक रंग आधी एका चिंधीवर लावा, इस्त्री करा, धुऊन पाहा. ही चिंधी आम्ही दोन वर्षांपूर्वी धुतली असती तर!

भाचीच्या गोधडीची नऊ फुले रंगवून झाली. धुऊन पाहिली, रंग टिकला. त्या दिवशी अम्मी स्वतःच पेटीतून नानीची गोधडी घेऊन आली. आम्ही म्हणालो, “अम्मी, डाग जात नाही गं. हवं तर त्या चौकोनावर नवं कापड लावू का?”

अम्मी म्हणाली, “नवं नको. खाली माझ्या अम्मीचे टाके आहेत. डागाचं पान करता येतं का बघ.”

डागाच्या कडेने आम्ही कोरड्या ब्रशने फिका हिरवा रंग लावला आणि फुलाखाली थोडी सावली दिली. डाग गेला नाही. त्याची दोन पाने झाली. बाकीची फुले मात्र अम्मीने रंगवू दिली नाहीत. “ती अशीच राहू देत,” म्हणाली.

तुमच्याही पेटीत अशी एखादी गोधडी असेल. हात नव्या कापडावर बसवा, मुलांनाही खडू द्या. जुन्या गोधडीला रंग लावण्याआधी मात्र ती ज्यांची आहे, त्यांना विचारा. एकदा इस्त्री फिरली की रंग माघारी येत नाही.