दरडोई म्हणजे कोणाची डोई?

हवामानबदलाची चर्चा निघाली की आपल्याकडचे सुशिक्षित एक वाक्य हमखास पुढे करतात : भारताचे दरडोई उत्सर्जन वर्षाला सुमारे 2 टन कार्बन डायऑक्साइड, अमेरिकेचे त्याच्या कितीतरी पट, मग आम्हांलाच का दटावता? आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर हा युक्तिवाद रास्तच आहे. आमची हरकत आहे ती अंधेरीच्या लोखंडवाला संकुलात दुसरी मोटार उभी करताना तोच वापरला जातो, त्याला.

भाषा शिकवणाऱ्यांनी शब्दांकडे संशयाने पाहावे, हा आमचा धर्मच. 'दरडोई'मध्ये डोई आहे, पण कोणाची? सकाळच्या बोरिवली लोकलमध्ये दुसऱ्याच्या काखेखाली दबलेली एक, घाटकोपर स्थानकाबाहेर बसच्या रांगेत तापणारी दुसरी, आणि पश्चिम द्रुतगती महामार्गावर पाच आसनांच्या वातानुकूलित गाडीत एकटीच बसलेली तिसरी. या तिघींची बेरीज करून भागाकार केला की तिसरी साळसूद ठरते. पहिल्या दोघींची काटकसर तिच्या खाती जमा होते. 'ग्रीनपीस इंडिया'ने 2007 साली आपल्या अहवालाला 'हायडिंग बिहाइंड द पुअर', म्हणजे गरिबांच्या आड लपणे, असे नाव दिले होते. ते आजही जुने झालेले नाही.

'तीव्रता' हा असाच दुसरा शब्द. 2005 च्या तुलनेत 2030 पर्यंत 45 टक्के घट करण्याचे वचन भारताने 2022 मध्ये दिले, ते उत्सर्जनाच्या तीव्रतेत. म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर रुपयामागे. एकूण धूर वाढला, पण उत्पन्न त्याहून वेगाने वाढले, तरी वचन पाळले जाते! आणि कोंडीत जळालेले पेट्रोल विकासदरात जमेच्याच बाजूला बसते.

राज्यकर्ते या तिसऱ्या डोईचे लाड कसे पुरवतात पाहा. 14 ऑक्टोबर 2024 रोजी, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, मंत्रिमंडळाने मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या मोटारींना टोलमाफी दिली; दहिसर आणि मुलुंड त्यांतलेच. सात महिने उलटत नाहीत तोच, 9 मे 2025 पासून, 'बेस्ट'चे किमान भाडे 5 रुपयांवरून 10 रुपये झाले. कारण तोटा. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यासाठी राष्ट्रीय उद्यानाखालून 4.7 किलोमीटरचे जुळे बोगदे हाती घेतले, त्यांच्या नफातोट्याची चौकशी मात्र कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

देशाच्या उत्सर्जनात मोटारींपेक्षा कोळशावरच्या विजेचा वाटा मोठा, हे मान्य. 2014 साली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो आली, हेही मान्य. विजेच्या मोटारीचे नाव कोणी पुढे करील, तर उपनगरांना वीज पुरवणारे डहाणूचे केंद्रही कोळशावरच चालते. शिवाय ती मोटार रस्त्यावर जागा तेवढीच अडवते. आमचे मागणे साधे आहे : दहिसर-मुलुंडचा टोल पुन्हा घ्या, आणि तो 'बेस्ट'च्या तिजोरीत भरा.