गाडी आणि घर : क्लच हलका हवा, पण किती?

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी दुपारी माझी भाची घरी आली, गाडी अंगणात लावली आणि पाण्याचा ग्लास उजव्या हातानं उचलला. ती डावखुरी आहे. काय झालंय ते मला तिथंच कळलं.

"मामू, डावी मूठ वळत नाही. ते हलके क्लच लिव्हर मिळतात ना, तसला एक बसवून द्या."

भाची पशुधन पर्यवेक्षक आहे. महाडच्या वरच्या अंगाच्या वाड्यांवर शेळ्यांना लस टोचायला जाते. डांबर संपलं की लाल माती, मग दगड, मग ओढा. त्यासाठी तिनं उंच सस्पेन्शनची, ऑफ-रोड म्हणतात तसली जुनी मोटारसायकल घेतली आहे. मागे बर्फाच्या डब्यात लस बांधलेली असते. स्कूटर त्या वाटेला चालत नाही, हे माझ्या आपाला पटत नाही. तिचं एकच म्हणणं, "हात दुखतो ना? मग विक ती गाडी." तेव्हा लिव्हरचं काही जमलं नसतं तर गाडी गेली असती, आणि गाडीबरोबर वरच्या तीन-चार वाड्याही गेल्या असत्या.

शहरात क्लच दाबायचा तो गिअर बदलण्यापुरता. दगडांच्या चढावर पहिल्या गिअरात गाडी अर्ध्या क्लचवरच चालवावी लागते. थोडा सोडा, पुन्हा दाबा, पुन्हा सोडा. तासाभरात शेकडो वेळा. तेही पूर्ण पंजानं नाही, कारण उरलेल्या बोटांनी हँडल धरून ठेवायचं असतं. एक किंवा दोन बोटांवर सगळा भार. दुकानात उभ्या गाडीवर जो क्लच बरा वाटतो तो तिसऱ्या वाडीपर्यंत लोखंडासारखा होतो.

मी तिला आधी दोन गोष्टी विचारल्या. रात्री झोपेत अंगठा आणि शेजारच्या बोटांना मुंग्या येतात का? वस्तू हातातून सुटते का? दोन्हीला "नाही" म्हणाली म्हणून मी पाना हातात घेतला. ज्यांचं उत्तर "हो" असेल त्यांनी गॅरेजच्या आधी डॉक्टरकडे जावं. मनगटातली नस दबली असेल तर तिला लिव्हर हा इलाज नाही.

मग वायर पाहिली. इंजिनाकडची बाजू सोडवून आतली तार हातानं ओढली तर खरखर करत आली. भाचीनं उभं राहून चालवता यावं म्हणून हँडल उंच करून घेतलं होतं. वायर मात्र जुन्याच लांबीची, त्यामुळे टाकीजवळ तिला तीक्ष्ण मुरड पडली होती. नवी वायर घेतली, लांबीला थोडी जास्त, आणि मोठा वळसा देऊन नेली. लिव्हरचा बोल्ट काढला तर आत चिखल सुकून दगड झालेला. साफ करून ग्रीसचं बोट फिरवलं. एवढ्यानंच बराच फरक पडला. हलका क्लच मागणाऱ्या निम्म्या लोकांचं काम इथंच संपतं, असा माझा गॅरेजमधला अनुभव आहे. (अर्ध्या दिवसाची मजुरी लावली की हेच काम लोकांना पटतं. फुकट सांगितलं तर पटत नाही.)

आता लिव्हर. इथं मी चुकलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लिव्हर म्हणजे पहार. ज्या बोल्टवर तो फिरतो तिथून वायरच्या गोळीच्या मध्यापर्यंतचं अंतर हे एक माप, आणि त्याच बोल्टपासून आपलं बोट जिथं पडतं तिथपर्यंतचं अंतर हे दुसरं. दुसऱ्याला पहिल्यानं भागा. भाचीच्या लिव्हरचं पहिलं माप ३० मिलीमीटर होतं आणि तिची बोटं साधारण ९० मिलीमीटरवर पडत. म्हणजे तिप्पट जोर. समजा वायर ओढायला ३० किलोचा ताण लागतो, तर बोटांवर १० किलो येतात. बाजारात जो 'इझी पुल' म्हणून मिळतो त्यात बहुतेक वेळा हे पहिलं माप कमी केलेलं असतं. मी आणला तो २५चा होता. हिशेब सरळ आहे, १० किलोचे ८.३ झाले.

पण पहार काही फुकट देत नाही. पूर्वी लिव्हर हँडलपर्यंत दाबला की वायर १२ मिलीमीटर सरकत असेल तर आता १० सरकते. त्यातला मिलीमीटर-दीड मिलीमीटर मोकळ्या प्लेमध्येच जातो, आणि तो ठेवावाच लागतो, नाहीतर क्लच प्लेटा पूर्ण चिकटत नाहीत, घसरतात आणि जळतात. त्यात मी आणखी एक शहाणपणा केला. भाचीचा हात लहान म्हणून लिव्हरचा स्क्रू फिरवून तो हँडलच्या जवळ आणून ठेवला. म्हणजे उरलेल्या चालीतूनही कापलं. अंगणात एक फेरी मारली, छान वाटलं. "मामू, लोणी आहे हो!" म्हणाली आणि गेली.

तिसऱ्या दिवशी चढ चढून इंजिन आणि क्लच चांगले तापलेले असताना ती ओढ्याच्या काठाला थांबली. लिव्हर हँडलला टेकला तरी प्लेटा पूर्ण सुटल्या नव्हत्या. गाडी स्वतःहून पुढं सरकली. न्यूट्रल लागेना. शेवाळावर पाय गेला आणि गाडीसकट ती आडवी झाली. अल्लाहचा करम, गुडघा सोलण्यावर भागलं. लसही वाचली. संध्याकाळी आपाचा फोन आला. ती काय बोलली ते इथं छापण्यासारखं नाही, आणि ती बरोबर होती.

दुसऱ्या खेपेला मी बाजारात गेलोच नाही. भाचीला गाडीवर बसवलं आणि तिची बोटं पाहिली. दोन बोटं लिव्हरच्या मधोमध पडत होती, टोक रिकामंच. लिव्हर ज्या योकवर बसतो तो योक सैल करून मी हँडलवर आतल्या बाजूला १८ मिलीमीटर सरकवला. बोटं ९०वरून १०८वर गेली. जुन्याच ३०च्या लिव्हरवर हिशेब केला तर ८.३ किलो. म्हणजे पैसे मोजून आणलेल्या लिव्हरनं जेवढा भार कमी केला तेवढाच या सरकवण्यानं झाला, आणि वायरची चाल एका केसानंही कमी झाली नाही. काही गाड्यांत स्विचच्या डब्याला हँडलमध्ये जाणारी खुंटी असते, त्यामुळे जागा अडते. तिथं स्विच आणि योक यांची अदलाबदल करता येते का ते मिस्त्रीकडून पाहून घ्या.

त्यावर मग २८चा लिव्हर बसवला. ७.८ किलो. वायरची चाल १२ची ११.२, तेवढी या गाडीला पुरते.

दुकानात जाताना म्हणूनच व्हर्निअर खिशात ठेवा. पाकिटावर 'हलका' लिहिलंय का ते पाहू नका, बोल्ट ते गोळी हे माप घ्या आणि जुन्याशी ताडून पहा. दोन-तीन मिलीमीटरचा फरक बहुधा पचतो, पाचाचा क्वचितच. रंगीत आखूड लिव्हरवर मुलांचा फार जीव. तो दिसतो छान आणि पडल्यावर मोडतही कमी, पण आखूड झाला म्हणजे दुसरं माप घटलं. गोळीचं अंतर तेच असेल तर क्लच आधीपेक्षा जड लागतो. धातूही पहा. ओतीव ॲल्युमिनियम पडल्यावर कट्कन तुटतं, घडाईचं वाकतं आणि वाकलेल्यावर घर गाठता येतं. टोक दुमडणारे लिव्हरही मिळतात. ते नसतील तर योकखाली प्लंबरची पांढरी टेप गुंडाळून बोल्ट बेताचाच आवळा, म्हणजे गाडी पडली की लिव्हर मोडण्याऐवजी योक हँडलवर फिरतो. योकसकट लिव्हर बदलत असाल तर क्लचच्या स्विचची जागा नव्या योकमध्ये आहे ना ते आधी बघा. बऱ्याच गाड्या त्याच्याशिवाय गिअरात स्टार्ट होत नाहीत.

आणि चाचणी घ्या ती तापलेल्या गाडीवर. अर्धा तास चालवून सपाट जागी थांबा, पहिला गिअर, लिव्हर पूर्ण दाबलेला. गाडी जागची हलता कामा नये, उभ्या उभ्या न्यूट्रल लागला पाहिजे. मग लिव्हर सोडून टोकाशी प्ले किती ते पहा. किती हवा ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

स्प्रिंग नरम टाकून देतो म्हणणारे मिस्त्री भेटतील. त्यांना चहा पाजा, गाडी देऊ नका. नरम स्प्रिंग चढावर घसरते. नव्या गाड्यांत क्लच हलका असतो तो वेगळ्या युक्तीनं. त्यांच्या असिस्ट क्लचमध्ये इंजिनाचा जोर लागला की प्लेटा आपोआप घट्ट दाबल्या जातात, म्हणून मुळातच नरम स्प्रिंग चालते. रॉयल एनफिल्डची २०१६ची ४११ सीसी हिमालयन साध्या क्लचची होती, २०२३मध्ये आलेल्या ४५० सीसीच्या हिमालयनला असिस्ट क्लच आहे. केटीएमच्या काही एंड्युरो गाड्यांत तर वायरच नाही, ब्रेकसारखं तेल असतं, आणि प्लेटा झिजल्या तरी प्ले आपला आपण जुळतो. जुन्या गाडीत हे सगळं बसवायचं म्हणजे खर्च गाडीच्या अंगावर येतो. आमच्या भाचीनं तो विचार सोडून दिला.

आपा परवा आली होती. मुलीनं चहाचा कप डाव्या हातात धरलेला बघून काही बोलली नाही, फक्त विचारलं, "आता किती किलो?" ७.८ म्हटलं. ते पाचवर आणता येणार नाही का, म्हणाली. २५चा तो लिव्हर गॅरेजच्या खिळ्याला टांगलेला आहे, तो मी तिला दाखवला.